वरचे दोन दात

मेंढीचं वय तोंड उघडून सांगायला मला माझ्या बापानं शिकवलं, आणि गोरेगावच्या बाजारात त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी फुशारकीनं सांगतोय असं कोणाला वाटलं तर वाटू द्या, फुशारकीच आहे. खालचा ओठ अंगठ्यानं दाबायचा, एक नजर टाकायची आणि सांगून मोकळं व्हायचं: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेली म्हणजे आठही भरलेली; दात जितके जास्त, तितकं वय जास्त. विकणारा गयावया करो नाहीतर डोळे वटारो, दाताच्या बाबतीत मी खोटं बोललो नाही. हिंगोलीहून बकरी-मेंढरं घ्यायला येणारा पांढऱ्या दाढीचा एक व्यापारी होता. सौदा अडला की तो मलाच हाक मारायचा आणि लोकांना म्हणायचा, "इसका अंगूठा बराबर बोलता है."

निजामाचं राज्य होतं, आणि तिकडे कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला त्या लढाईचं एवढंच कळायचं की रॉकेल मिळत नाही आणि कापड मिळत नाही. गोरेगावपासून दीड कोसावरच्या वस्तीत आमचं घर आणि मेंढवाडा. घरात मी, माझी बायको आणि माझी आई. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. आई त्याबद्दल बायकोला कधी वेडंवाकडं बोलली नाही, पण धड चार शब्द गोडीनंही बोलली नाही. मग मुलगी झाली.

मुलगी म्हणून कोणी नाक मुरडलं असेल तर माझ्यासमोर मुरडायची त्याची छाती झाली नाही. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी मी तिला कोकरू तोलतात तशी दोन्ही हातांवर तोलायचो आणि बायकोला सांगायचो, "आज मूठभर ज्वारीनं वाढली बघ."

"अवो, नजर लावसाल सोताच्याच लेकराला," बायको म्हणायची.

पण वाढत होती ते खरंच होतं. कमरेचा काळा करदोटा तिसऱ्या महिन्यात सैल केला, सहाव्यात पुन्हा केला, आठव्यात तो पुरेना म्हणून नवाच आणला. नवव्या महिन्यात तिनं आमच्या मेंढ्याची लोकर दोन्ही मुठींत धरली आणि उभी राहिली. मेंढा चालायला लागला, तशी ती दोन पावलं त्याच्या संगतीनं गेली आणि मग बसली. रडली नाही. हे मी बाजारात निदान वीस जणांना सांगितलं असेल.

दात मात्र येत नव्हते. येण्याची लक्षणं सगळी होती. लाळ इतकी गळायची की अंगडं दिवसातून तीनदा बदलावं लागे. हिरड्या शिवशिवायच्या म्हणून हाताला लागेल ते तोंडात जायचं: घोंगडीचा काठ, माझ्या पागोट्याचा शेव, आईनं चघळायला दिलेली खारीक. श्रावणात दोन दिवस अंगात कणकण राहिली, पोट बिघडलं. तिला रोज तेल लावून न्हाऊ घालायचं काम आईचं. ती म्हणाली, "दाताचं हाय, भिऊ नगा." तेव्हापासून मी रोज सकाळी तिच्या तोंडात बोट घालून खालची हिरडी चाचपायला लागलो. फुगलेली लागायची, कडक लागायची, पण दात काही लागायचा नाही. दहावा महिना गेला, अकरावा लागला. शेजारणीचं सात महिन्यांचं पोरगं दोन दात दाखवत हसायचं आणि ती बाई त्याला मुद्दाम माझ्यापुढं आणून म्हणायची, "दातवाल्याच्या घरीच बोळकं!"

ही बातमी बाजारातही पोचली. दाढीवाला व्यापारी चार लोकांत म्हणाला, "गावाचे दात मोजतोस बाबा, घरचे कधी मोजशील?" लोक हसले, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलं होतं.

त्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं की पोरगी हसायला लागली की बायको तिच्या तोंडावर पदर धरते. नाक पुसतेय असं दाखवते. मी विचारलं, "पोरीचं नाक काहून एवढं वाहून राहिलं?" तर म्हणाली, "सर्दी हाय." मला वाटलं, हिला बोळक्या पोरीची लाज वाटतेय. त्याचा मला राग आला.

त्यात आणखी एक झालं. दर दिवाळीला तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला येत असे. या वर्षी तिनं बांगड्या भरायला आलेल्या कासाराबरोबर निरोप धाडला की येऊ नकोस. मला हे कासाराकडूनच कळलं. तिला तो एकच भाऊ, तिच्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांची आई वारल्यावर हिनंच त्याला पाठीशी बांधून मेंढरं राखली आणि वाढवला. त्याचं लग्न सेनगावकडच्या एका घरी ठरलं होतं आणि तुळशीचं लग्न झालं की बार उडायचा होता. अशा वेळी बहीण भावाला येऊ नको म्हणते? मी घरी येऊन भांडलो. "माझ्या घरी काय कमी पडलं म्हणून भावाला तोंड दावीत न्हाईस?" ती भाकरी करत राहिली.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली होती आणि आई शेजारी. मी पोरीला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं बोट घातलं. तिनं कडकडून चावा घेतला. मी ओरडलोच. बोट बाहेर काढून पाहिलं तर नखाच्या मुळाशी, बोटाच्या पाठीवर दोन वळ उठले होते, शेजारी शेजारी. बोटाच्या खालच्या अंगाला काहीच नव्हतं. मी तिचा वरचा ओठ उचलला आणि पाहिलं, वरच्या हिरडीत दोन दात अर्धेअधिक वर आलेले.

मेंढीला वरच्या जबड्यात समोर दात नसतातच, नुसती कडक गादी असते. जन्मभर माझं बोट खालीच जात आलं होतं. वर पाहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. स्वतःच्या लेकीला मी मेंढी समजून तपासत होतो, आणि वर बाजारात मान खाली घालून फिरत होतो.

तरी खरं सांगतो, सगळ्यात आधी मला आनंदच झाला. काय दात होते! रुंद, सरळ, हुरड्याच्या दाण्यासारखे भरलेले. मी पोरीला घेऊन अंगणात नाचायला लागलो. तेवढ्यात बायको डोक्यावर घागर घेऊन आली, तिनं मला पाहिलं, पोरीचा उचललेला ओठ पाहिला आणि घागर तिथंच ठेवून मटकन खाली बसली.

"कोणाला सांगू नगा," ती म्हणाली. "वरचे आधी आले. मामावर आले."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खालचे दात आधी आले तर बरं, वरचे आधी आले तर ते मामाच्या जिवावर येतात, असं आमच्याकडे पक्कं मानायचे. आज कोणी हसेल. तेव्हा हसत नव्हते, मीही हसलो नाही.

"पोळ्यापासून हायेत," ती म्हणाली. "पाजताना कळलं मला. सेनगावकडच्या लोकायला कळलं त ते पोरगी देतील का त्याला? ज्याच्यावर भाचीचे दात आले, त्याला कोन पोरगी देईल? म्या त्याला वाढवलं, अन् माझ्याच लेकरापायी त्याचं लगीन मोडावं? अन् तो इथं आला, अन् खरंच काही झालं त?"

महिनाभर ही बाई हे सगळं एकटी पोटात घेऊन पदरानं पोरीचं तोंड झाकत फिरत होती, आणि मी तिच्यावर ओरडत होतो. मला माझीच शरम वाटली. मी म्हटलं, "खालचे येऊ दे. चार दिसले की आधी कोनते आले हे कोन सांगनार?"

त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून खालच्या हिरडीची वाट पाहायला लागलो. आईला मात्र कळू द्यायचं नाही असं ठरलं. आई रीतीभातीची कडक, मांजर आडवं गेलं तरी कळप थांबवणारी. तिची नजर अलीकडे अधू झाली होती, तेवढाच आम्हाला धीर होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खालचा एक दात बोटाला खरखरला. दोन दिवसांनी दुसरा. बायको पहिल्यांदा नीट जेवली.

आणि चौथ्याच दिवशी दुपारी, हिंगोलीच्या बाजारातून परतताना, मेव्हण्याच्या होणाऱ्या बायकोचा चुलता आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं दोन मेंढ्या घेतल्या होत्या आणि त्या मला दाखवायच्या होत्या. मी दोन्हींची तोंडं उघडली. एक दोन दाती होती, त्याला सांगितली तशीच. दुसरी चार दाती म्हणून गळ्यात मारलेली, पण तिचे आठही दात जुळून झिजायला लागले होते. मी तसं तोंडावर सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "तुमी सांगितलं म्हंजे झालं. दाताचं तुमचं बराबरच असतंय."

एवढ्यात आमची पोरगी रांगत आली, त्याचं धोतर धरून उभी राहिली आणि त्याच्याकडे पाहून तोंड भरून हसली. बायको आत चुलीपाशी होती. पदर धरायला कोणी नव्हतं. पाहुणा खाली बसला, कौतुकानं त्यानं तिची हनुवटी धरली आणि मग नीट पाहायला लागला. तोही मेंढरांतलाच माणूस.

"वरचे मोठे दिसून राहिले," तो म्हणाला. "आधी वरचे आले का काय?"

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. आई उंबऱ्याशी मुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

मी म्हणालो, "न्हाई. खालचे आधी. म्या सोता रोज बोट घालून पाह्यलं." आणि लगेच पुढं म्हणालो, "मानसाचे वरचे दात जल्मानं मोठेच असतात. आ करा, तुमचेच दावतो."

तो हसला, पण त्यानं आ केला नाही. आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमी सांगा. लेकरू तर तुमच्याच हातात असतं."

आईनं मान वर केली नाही. "माझा लेक दाताचं कधी खोटं बोलला का?" ती म्हणाली. "दूध घ्या, उन्हाचं आलासा."

पाहुणा दूध प्याला, पोरीच्या हातावर खडीसाखरेचा खडा ठेवला आणि मेंढ्या हाकत गेला. तो वळणापार झाला. मग आई शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिशी न्हाऊ घालताना माझं बोट चावलं तिनं. वरच्यायनं. मला वाटलं, तुमाला दोघायला ठाऊक न्हाई, त काहून सांगावं? त्या पोराचं लगीन हाय."

घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक नव्हतं ते फक्त दातवाल्याला.

"अन् माय, तुला भेव न्हाई वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं की. सहा शनवार झाले, मारोतीला तेल घालून राहिले त्याच्या नावानं."

बायको पिठाच्या हातानं दारात येऊन उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं. "भावाला सांगावा धाड, दिवाळीला ये म्हनावं. अन् लेकराच्या तोंडावर पदर धरू नको, दम कोंडतो तिचा. येत्या शनवारी तू चल माझ्यासंगं." बायको तिथंच बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सहा-सात वर्षांत त्या दोघींना इतकं जवळ बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दिवाळीला मेव्हणा आला, तुळशीनंतर त्याचं लग्न लागलं, आणि पुढं त्याच्या लेकरांचे दातही मीच पाहिले, खालून आणि वरून. पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो शनिवार. तेलाची वाटी एकीच्या हातात, काठी दुसरीच्या, अशा दोघी मारुतीच्या वाटेनं चालल्या होत्या. मी कळप अडवून उभा होतो, पोरगी माझ्या कडेवर बसून माझा कान चावत होती. घरातल्या या तिघी बायकांचा मला त्या वेळी इतका गर्व वाटला की तो मी बाजारात कोणालाही सांगितला नाही.