कॅनॉलच्या वाटेवरचा चहा

दुसऱ्याच्या दारात उभं राहून "नको, आताच घेऊन आलो" म्हणणारा माणूस खोटं बोलत असतो. त्याला चहा नको नसतो, त्या घरचा चहा नको असतो.

हे वाक्य माझं आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा जयंतीच्या स्टेजवरून मी ते म्हटलं, आणि कर्ण्यांची तोंडं चारी दिशांना असल्यामुळं अर्ध्या वसमतनं ते ऐकलं. एवढ्यावर थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. पण मी पुढं म्हणालो, "आजपासून कुणाच्याही घरी काहीही दिलं तरी मी नाही म्हणणार नाही. बोलावून तर पाहा." टाळ्या पडल्या. बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं, नोकरी नव्हती. टाळ्या माणसाला लागतातच.

पुढच्याच आठवड्यात बाबांना शुगर निघाली. बाबा एसटीत कंडक्टर, ड्युटी दुपारची. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, रोज चाला, नाहीतर औषधांचा काही उपयोग नाही. बाबा म्हणाले, "आयुष्यभर गाडीत उभा राहिलो, तेवढं बास झालं."

मी त्यांना कागदावर समजावून सांगितलं. खाणं इकडं, चालणं तिकडं. चालण्याचं पारडं जड झालं की वजन उतरतं. सोपं गणित आहे. लोकांना एवढं साधं कळत नाही याचा मला तेव्हा फार राग यायचा.

बाबांनी कागद पाहिला, मग माझं पोट पाहिलं.

"आधी तू करून दाखव. दोन महिन्यांत चार किलो उतरलास, की मी चालायला लागतो."

वजन कुठं करायचं? स्टँडवर नाणं टाकायचं मशीन होतं, पण बाबांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "ते समद्यायला चांगलंच भविष्य सांगतंय," म्हणाले. म्हणून आम्ही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेलो. तिथं हळदीची पोती तोलणारा किशनमामा मापाडी बाबांच्या ओळखीचा. मी काट्यावर चढलो, शहात्तर. सोबत म्हणून बाबा चढले, ब्याऐंशी. मामानं दोन्ही आकडे कोळशानं भिंतीवर लिहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. घरापासून कॅनॉलपर्यंत जायचं आणि परत यायचं. पन्नास पावलांवर चंद्रकलाकाकू अंगण झाडत होत्या. आमच्या दोन घरांत तोवर बोलणं होतं, चहा नव्हता.

"मिलिंद, ये रं. चहा घे."

"काकू, मी चालायला निघालोय."

काकूंनी झाडू खाली ठेवला. "भाषणात तर लई बोलत होतास."

मी आत गेलो.

चहा असा होता की चमचा उभा राहावा. तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "काकू, साखर जरा कमी."

"काहून? आमच्या हातची साखर चालत न्हाई का?"

काकूंचं बघून बाकीची घरंही पुढं आली. कुणालाच आपलं मन साफ नाही असं दिसू द्यायचं नव्हतं. चहा, खारी, मुरमुऱ्यांचा सुशीला, एका घरी तर शिळ्या भाकरीचा तुपातला काला. कॅनॉलवर धोंडाबाई शेळ्या घेऊन बसायची. ती पितळी भरून दूध पुढं करायची आणि तोंडाकडं बघत राहायची. कोणता कार्यकर्ता अशा वेळी नाही म्हणेल? पिढ्यान्‌पिढ्या जे घडलं नव्हतं ते घडत होतं, आणि ते माझ्या पोटात घडत होतं.

पण मी विज्ञानाचा विद्यार्थी. खाणं वाढलं तर चालणं वाढवायचं, हे माझंच गणित. म्हणून मी कॅनॉलच्या पलीकडचा फेरा घेतला. रस्ता वाढला, तशी रस्त्यावरची घरं वाढली. ते जिरवायला मी साखर कारखान्याच्या वाटेला लागलो. तिकडं तर लोक नाश्त्यालाच बसलेले असायचे.

सहाला निघालेला मी दहाला घरी यायला लागलो. मग आई बाबांना पाठवायची, "बगा बरं जाऊन, पोरगं कुठं बसलंय." बाबा एकेका दारात विचारत यायचे. काकू म्हणायच्या, कॅनॉलकडं गेला. कॅनॉलवर धोंडाबाई म्हणायची, आत्ताच पुढं गेला. शेवटी कुठल्यातरी ओसरीवर मी सापडायचो, हातात बशी.

मला वाटायचं, बाबा माझ्यावर पाळत ठेवून राहिलेत.

त्यांनाही लोक आग्रह करायचे. बाबा सरळ हात जोडायचे, "न्हाई बाप्पा, शुगर हाय. पानी द्या." लोक पाणी द्यायचे. कुणाला राग यायचा नाही, कुणी बाबांच्या मनाबद्दल शंका घ्यायचं नाही. मला मात्र वाईट वाटायचं. जुनी पिढी, म्हणायचो मी मनात, लढायची तयारीच नाही.

दोन महिने झाले. पँटचं वरचं बटण मी कधीच सोडून दिलं होतं, तरी एक आशा होती. एवढं चालणं कुठंतरी लागू पडलंच असेल.

मोंढ्यात काट्यावर चढलो. किशनमामानं काटा पाहिला, भिंत पाहिली, परत काटा पाहिला.

"ऐंशी."

"मामा, काटा बराबर आहे ना?"

"याच्यावर हळद विकत्यात भाऊ. मस्करी हाय का?"

मला बाबांकडं बघवेना. त्यांचं चालणं माझ्या चार किलोंवर टांगलेलं होतं, आणि ते चार किलो मी उलट्या बाजूनं आणले होते.

"उतर," बाबा म्हणाले आणि स्वतः चढले. अठ्ठ्याहत्तर.

मग बाबा चप्पल घालता घालता म्हणाले, "तू उतरलास तर मी चालीन, असं ठरलं होतं. तू तर चढलास. आता मी चालायचं बंद करू का?"

"नको," मी म्हणालो. "पण बाबा, तुम्ही चालायला कधी लागलात?"

"तुला हुडकायला."

किशनमामा अजून भिंतीपाशीच उभा होता. बोटांवर मोजत त्यानं जुने आकडे जोडले, मग नवे जोडले, आणि समाधानानं मान हलवली.

"बराबर हाय कंडक्टर साहेब. माल तेवढाच हाय. निसता ह्या पोत्यातला त्या पोत्यात गेलाय."