ब्रेकवरचा पाय

मिस्त्रींनी क्लचच्या कामाला हात लावणं बंद केलंय, ही बातमी गल्लीभर झाली तेव्हा लोकांनी आपापले अर्थ लावले. कोणी म्हणालं, वय झालं. कोणी म्हणालं, मोठ्या गॅरेजवाल्यांनी गिऱ्हाइकं पळवली. समोरचा न्हावी तर छातीठोकपणे सांगायचा, की मिस्त्रींचा खांदा कामातून गेलाय. खांद्याला काय धाड भरली होती! अख्खं इंजिन एकट्यानं उचलून टेबलावर ठेवायचे ते. कारण एवढंच होतं, की क्लचचा नट काढायला दोन माणसं लागतात आणि मिस्त्रींच्या घरात आता एकच माणूस उरलं होतं.

आता ज्यांनी मोटारसायकलवर नुसतं बसायचंच काम केलंय त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या उजव्या कुशीत, झाकणाखाली, क्लच असतो. त्याच्या मधोमध एक जाडजूड नट. पाना लावून तो फिरवायला जावं तर नट सुटत नाही, अख्खा क्लचच फिरतो. त्याच्याबरोबर गिअर, गिअरबरोबर साखळी, साखळीबरोबर मागचं चाक. म्हणून गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकायची आणि कोणीतरी वर बसून मागचा ब्रेक दाबून धरायचा. मोठ्या गॅरेजात हवेवर चालणारं मशीन असतं, घर्र केलं की नट हातात. मिस्त्रींकडे कुठलं आलंय मशीन! मिस्त्रींकडे बायको होती.

गॅरेज घराच्या पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर मागे. मधे एक पडदा. नटापर्यंत काम आलं की मिस्त्री ओरडायचे, "अगं, ऐकलंस का? ये जरा." की ती पदराला ओले हात पुसत, गॅस बारीक करून यायची. "माझ्याशिवाय तुमचं एक पान हलत नाही," असं रोज म्हणायची आणि रोज यायची. गाडीवर बसायची, दोन्ही हातांनी हँडल धरायची, ब्रेकवर पाय रोवायची. मिस्त्री खाली पाटावर बसून पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावायचे. आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावरच्या विहिणीविहिणींचं काय बिनसलं, लेकीनं फोनवर काय सांगितलं, कोण कोणाला काय म्हणालं. एरवी दिवसभर मिस्त्री हूं की चूं करायचे नाहीत. जेवतानासुद्धा ताटाकडे बघून जेवणारा माणूस. नट काढताना मात्र मधूनच विचारायचे, "मग? ती काय म्हणाली?"

ती गेली. तापाचं निमित्त झालं, आणि दवाखान्यातून मिस्त्री एकटेच परत आले.

त्यानंतर पहिलाच क्लच आला तेव्हा त्यांनी न्हाव्याला हाक मारली. न्हावी बिचारा हातातली कात्री ठेवून आला, गाडीवर टांग टाकून बसला आणि म्हणाला, "हं, बोला मिस्त्री." बोला म्हणे! मिस्त्रींनी जोर लावला, न्हाव्याचा पाय सरकला, पाना निसटला आणि मिस्त्रींची बोटं सोलवटून निघाली. न्हावी हसला. वाईट मनानं नाही, त्याला हसूच येतं कशालाही. पण मिस्त्रींचं डोकं फिरलं. "ऊठ रे! ऊठ आधी गाडीवरून!" म्हणून त्याला त्यांनी अक्षरशः हाकललं, गाडी झाकण लावून परत दिली आणि त्या दिवसापासून क्लच बंद. बोटांची सालं निघाल्याचा तो राग नव्हता. त्या ब्रेकवर दुसऱ्या कोणाचा पाय बघवला नाही त्यांना. पण हे न्हाव्याला कसं सांगणार?

क्लच बंद म्हणजे निम्मं काम बंद. दिवसाकाठी एखादं पंक्चर, एखादा प्लग. उरलेला वेळ मिस्त्री स्वच्छ असलेले पाने पुसत बसायचे. पडद्यामागं भांडं वाजायचं नाही. कोणी बोलायला नाही, कोणावर खेकसायला नाही. खेकसायलासुद्धा आपलं माणूस लागतं हो.

हे लेकीच्या कानावर गेलंच. ती दूरच्या शहरात, रोज संध्याकाळी फोन करायची.

"बाबा, बस झालं आता. इथे तुमची खोली तयार आहे. गॅरेज बंद करा आणि या."

"आणि तिथे काय करू? तुझ्या खिडकीतून गाड्या मोजू?"

"तिथे तरी काय करताय? क्लचचं काम जमत नाही म्हणे तुम्हाला आता."

झालं. जमत नाही म्हटल्यावर मिस्त्री पेटले. "कोण म्हणतं जमत नाही?"

"मग एक क्लच करून दाखवा. एकट्यानं. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर महिनाअखेर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल!" मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवल्यावर हबकले. लेक आईवर गेली होती, शब्दात बरोबर पकडायची. आता क्लच निघाला नाही तर हे घर, ही खोली, हा पडदा, सगळं सोडून परक्या घरात पाहुण्यासारखं बसायचं. लेकीचं असलं म्हणून काय झालं, ज्या घरातल्या कपाटात काय कुठे आहे हे आपल्याला माहीत नसतं ते परकंच.

दुसऱ्याच दिवशी सकाळी नर्सबाई गाडी ढकलत आल्या. घरोघरी फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायच्या त्या. गाडी नुसतीच ओरडते, पुढे सरकत नाही. क्लच घसरत होता, तपासायचीही गरज नव्हती.

"नाही म्हणू नका मिस्त्री. मोठ्या गॅरेजात आठवडा थांबा म्हणतात. माझी म्हातारी माणसं कुठे थांबणार?"

"मी कुठे नाही म्हटलं?" मिस्त्री गुरगुरले. "गाडीला जरा माणसासारखं वागवत जा. उद्या सकाळी या."

बाई बसने कामाला गेल्या आणि मिस्त्रींनी दार अर्धं ओढून घेतलं. ऑइल काढलं, झाकण काढलं, बोल्ट ज्या जागचे त्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवले. स्प्रिंगा सोडल्या, जळलेल्या प्लेटा एकेक करून बाहेर आल्या. नटाखालच्या वॉशरची दुमडलेली कड छिन्नीनं सपाट केली. मग नट समोर आला. ऑइलमध्ये न्हालेला, चकचकीत, आणि हटून बसलेला.

मिस्त्रींनी गाडी शेवटच्या गिअरमध्ये टाकली. ब्रेकच्या पायट्याला दोरी बांधली, दोरी खाली ओढून दगडी पाट्याला आवळली. जोर लावला. दोरी ताणली, चाक थोडं फिरलं, आणि जोर सोडल्यावर जागच्या जागी परत आलं. नट हलला नाही. मग दोरीच्या जागी तार. तार तुटली. मग सीटखालून पायट्यावर लाकडी टेकू ठोकला. टेकू निसटून कोपऱ्यातल्या बादलीवर जाऊन आदळला. "अरे मेल्या!" मिस्त्री टेकूवर ओरडले. टेकू काय बोलणार!

घाम पुसून त्यांनी हत्यारांच्या डब्यातून तांब्याचं एक जुनं नाणं काढलं, क्लचच्या मोठ्या चाकाच्या आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या चाकाच्या दातांमध्ये अडकवलं आणि पुन्हा दांड्यावर भार टाकला. मोठ्या चाकाला जोडलेला क्लचचा बाहेरचा डबा जागच्या जागी घट्ट, ज्यावर नट बसतो तो आतला हब मात्र गरागरा फिरला. मिस्त्री बघतच राहिले. प्लेटा काढल्यावर बाहेरच्या डब्याचा आणि आतल्या हबचा संबंधच उरत नाही. डबा अडवून नट कसा सुटेल? ही चूक शिकाऊ पोरं पहिल्याच आठवड्यात करतात आणि त्यावरून महिनाभर टोमणे खातात. मिस्त्रींनी स्वतः किती जणांना खायला लावले होते! आज कोणी बघायलाही नव्हतं. ते एकटेच हसले, मग एकदम हसू थांबलं आणि त्यांना फार एकटं वाटलं. चूक केल्यावर हसणारंसुद्धा कोणी नाही, याचं त्यांना रडू यायला लागलं.

आता खरं सांगायचं तर यावर उपाय होता. साधा, फुकटातला. क्लचची एक जुनी लोखंडी प्लेट घ्यायची. तिच्या आतल्या कडेला दात असतात, ते हबच्या खाचांत बरोबर बसतात. त्या प्लेटला हातभर लांबीची सळई वेल्डिंग करून जोडायची. प्लेट हबवर चढवली की सळई फिरून पाय ठेवायच्या रॉडला टेकते आणि हब जागचा हलत नाही. मग ब्रेक नको, गिअर नको, दुसरं माणूस नको. हे मिस्त्रींना मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं. त्यांच्या उस्तादाकडे असलं हत्यार भिंतीला टांगलेलंच असायचं.

मग केलं का नाही? जुन्या प्लेटांचा तर ढीग पडलेला होता. लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा करायला घेतलंही होतं त्यांनी. पण त्याच दिवशी एका क्लचसाठी बायकोला हाक मारली. ती लाजत गाडीवर बसली आणि माहेरच्या विहिरीत पडलेल्या बकरीची गोष्ट सांगायला लागली. बकरी अजून विहिरीतच होती तोवर नट सुटला. मिस्त्रींनी सांगितलंच नाही. बकरी वर येईपर्यंत खोटं खोटं कण्हत राहिले. ते हत्यार मग कधीच झालं नाही. तिला काय कळतंय यंत्रातलं, असं समजून जन्मभर हे बेटे सुटलेल्या नटावर जोर लावत बसले!

आज मात्र इलाज नव्हता. ढिगातून एक धड प्लेट निवडून, एक सळई काखेत मारून मिस्त्री गल्लीच्या टोकाला वेल्डरकडे गेले. वेल्डर त्यांच्याच वयाचा, सगळे त्याला ठिणग्या म्हणायचे. त्यानं प्लेट पाहिली, सळई पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आत्ता होय!"

"आत्ता म्हणजे?"

"अहो, हे तर मी वहिनींना केव्हाच करून देत होतो. कढईचा कान जोडायला आल्या होत्या. म्हटलं, वहिनी, तुम्हाला चुलीवरचं सोडून उठवतात ना मिस्त्री? एक प्लेट आणा, दोन मिनिटांत हत्यार करून देतो, तुमची कटकट मिटेल. तर माझ्यावरच डोळे वटारले हो त्यांनी."

मिस्त्रींनी सळई हातातून खाली ठेवली. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, खबरदार! ते झालं तर हा माणूस मला हाक कशाला मारेल? आणि वर म्हणाल्या, त्यांना यातलं माहीत नाही बिचाऱ्यांना, तुम्ही सांगू नका." ठिणग्या हसला. "शपथ घातली होती, म्हणून बोललो नाही कधी. आता काय..." त्यानं चष्मा खाली ओढला आणि कामाला लागला.

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं, ही सोय चांगली होती.

घरी येऊन त्यांनी प्लेट हबवर चढवली. खट्टकन बसली. सळई पायाच्या रॉडला टेकवली, पाना लावला, पाइप घातला. खोलीत चिडीचूप होतं. एक झटका दिला आणि नट सुटला. जोरही फारसा लागला नाही. पुढचे आटे त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवून काढले आणि नट हातात घेऊन बराच वेळ पाटावर बसून राहिले. मग उठून नव्या प्लेटा भरल्या, नट पुन्हा आवळला, वॉशरची कड दुमडली, झाकण लावलं, ऑइल ओतलं आणि गल्लीत एक चक्कर मारून आले. गाडी लोण्यासारखी चालत होती. न्हावी दारातून ओरडला, "वा मिस्त्री! झाला की क्लच!" मिस्त्रींनी मान हलवली.

संध्याकाळी फोन वाजला.

"काय झालं बाबा क्लचचं?"

"निघाला नट. गाडी तयार आहे."

"ब्रेकवर कोण बसलं?"

"कोणी नाही."

"म्हणजे जमतं तुम्हाला एकट्याला."

"जमतं."

"बरं बाबा. शब्द म्हणजे शब्द. राहा तिथेच." मग तिचा आवाज बदलला. "बाबा? अहो, जिंकलात ना तुम्ही? मग रडताय कशाला?"

"लागतच नव्हतं गं कोणी," मिस्त्री म्हणाले. "कधीच लागत नव्हतं. मला माहीत होतं. आणि तिलाही माहीत होतं. आज कळलं मला."

"मग इतक्या वर्षांत एकमेकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर काय म्हणून बोलावलं असतं तिला?" मिस्त्री म्हणाले.