अध्यक्ष नसलेली सभा

ज्या शहरात दारू पिणे हा गुन्हा होता, तिथे माणसाने अनोळखी लोकांसमोर उभे राहून ‘मी पितो’ असे आपण होऊन सांगावे, हे भिवाला सापळ्यासारखे वाटले. यात त्याचा दोष नव्हता. दारूबंदीच्या त्या वर्षांत करी रोडच्या चाळींमध्ये हातभट्टी चोरून येत असे आणि पोलीस रस्त्यात कुणालाही थांबवून तोंडाचा वास घेत. गिरणीच्या फाटकाशी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, वास घेई. घरी सुंदराबाई घेई.

बाबासाहेब गेले तेव्हा दादर चौपाटीवरच्या अथांग गर्दीत भिवाने सुंदराबाईसह धम्म स्वीकारला होता. तेव्हापासून दर पौर्णिमेला चाळीतल्या तळमजल्यावरच्या खोलीत सगळे पंचशील म्हणत. मद्यापासून दूर राहण्याचे पाचवे शील आले की भिवाचे ओठ मिटत. शेजारी बसलेल्या सुंदराबाईला ते ऐकू न येताही कळे.

“बुद्धापुढं खोटं बोलत नाय, येवढं तरी बरं,” एका पौर्णिमेला घरी परतल्यावर ती म्हणाली. “पन आता बघवत नाय. पुन्यांदा पिऊन आलात तर मी महाडला भावाकडं जानार. परत येनार नाय.” आणि तिने पत्र्याची ट्रंक खाटेखालून ओढून दाराशी आणून ठेवली.

गिरणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर जगदीश भिवाच्या थरथरत्या हाताला पट्टी बांधताना हळूच म्हणाला, “परळला शाळेच्या मागच्या खोलीत रविवारी संध्याकाळी काही माणसं जमतात. पूर्वी पिणारी. जाऊन बस.”

“घेनार काय ते?”

“काही नाही.”

“मग देनार काय?”

“काही नाही. नावसुद्धा पुरतं विचारत नाहीत.”

“मग पोलीसच असनार,” भिवा म्हणाला.

तरीही रविवारी तो गेला. त्याच शाळेच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. घरी त्याने तेच सांगितले. गर्दीच्या कडेला उभा राहून तो मागच्या खोलीचे दार न्याहाळत राहिला. साध्या कपड्यांतला पोलीसही पायातले बूट बदलत नाही, हे गिरणगावाने संपांच्या दिवसांत शिकून घेतले होते. दाराशी झिजलेल्या चपलाच दिसल्या. तेवढ्या पुराव्यावर तो आत शिरला.

आत मात्र संशय वाढलाच. युनियनची असो, समितीची असो वा धम्माची, सभा म्हणजे अध्यक्ष, हार आणि भिंतीवर तसबीर, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. इथे तसबीर नव्हती, हार नव्हता. माणसे गोल बसली होती.

“अध्यक्ष कोन?” त्याने दबकत विचारले.

“कोण नाय. बस रे,” एकजण म्हणाला, आणि भिवा चरकला. तो त्याच्याच गिरणीतला धोंडू होता, मागखात्यातला. विणकर धोट्यातून सूत तोंडाने ओढत. म्हणून विटाळाच्या भीतीने भिवाच्या जातीला त्या खात्यात कधी उभे केले नव्हते. हा उद्या जॉबरला सांगणार, असे भिवाने मनाशी ठरवूनही टाकले.

धोंडू उठला. “माझा नाव धोंडू. मी बेवडो. देवीसमोर नारळ ठेवून कितीदा सोडलंय, तितक्यांदा परत धरलंय. आता शपथ घेणंय नाय. आज पियालंय नाय, इतक्याच सांगतंय.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग चहा आला. कप कमी होते. धोंडूने आपला चहा संपवला, तोच कप पुन्हा भरला आणि भिवापुढे धरला. “घे. निवात मगे.”

भिवा त्या कपाकडे बराच वेळ पाहत राहिला. आपण विटाळ पाळत नाही हे मुद्दाम दाखवण्यासाठी तर नसेल? पण धोंडू पाहतही नव्हता; तो किटली घेऊन पुढे गेला होता. भिवाने कप तोंडाला लावला.

घरी सुंदराबाई ट्रंकेवरच बसली होती.

“कशी झाली सभा?”

“जोरात.”

“व्हय? चाळीतल्या एका गड्याचा घसा जाग्यावर नाय. बाबुराव तर खुनांनी पानी मागतोय. तुमचाच आवाज बरा सनईवानी!”

ती उठली आणि सवयीने त्याच्या तोंडाजवळ आली. या वेळी त्याने मान फिरवली नाही. वास चहाचा होता. पण तिला वासापेक्षा खोटेपणा अधिक बोचत होता, हे त्याला कळले. त्याने सगळे सांगितले.

“अध्यक्ष कोन हुता?”

“नव्हता.”

“शपथ कोनी दिली?”

“कोनीच नाय. मी बी घेतली नाय. आज पिलो नाय, येवढंच. उद्याचं मला बी ठाव नाय.”

सुंदराबाई पुन्हा ट्रंकेवर टेकली. चौपाटीवर त्याने सगळ्या जन्माचे वचन दिले होते. आज तो एका दिवसाचेच बोलत होता, आणि तेही चाचरत. कदाचित म्हणूनच तिला ते उडवून लावता आले नाही.

“येत्या रविवारी मी बी येते,” ती म्हणाली. “भाईर पायरीवर बसंन. कोन मानसं हायत ती बघू तर दे.”

ट्रंक तिने दाराशीच राहू दिली.