इडा, पिडा आणि मी

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीनं माझं दहन केलं. घोषणा द्यायला सर्वांत पुढे माझे बाबा होते.

मी शिल्पकार. बाबा इकडचेच, खाप्याचे, बुटीबोरीच्या कारखान्यात फिटर, आई बंगाली. लहानपणापासून प्रश्न एकच : मी नेमकी कोण? शेवटी स्वतःचाच पुतळा करून उत्तर द्यायचं ठरवलं. उजवी बाजू बुटीबोरीच्या भंगार लोखंडाची. डावी आईकडच्या मूर्तींसारखी, भाताच्या तणसावर माती थापलेली. माझ्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनासाठी तो बघायला परीक्षक चार वाजता येणार होते आणि माती काही वाळेना! म्हणून सकाळीच ओलं फडकं काढून पुतळा फाटकाबाहेर उन्हात ठेवला आणि पॉलिश आणायला गेले.

नेमकी त्या दिवशी मारबत! गल्लोगल्ली बडग्या, म्हणजे रोगराईचा भेसूर पुतळा, मिरवून जाळतात. (मी संस्कृतीवर काम करते. कॅलेंडर बघत नाही.)

शेजारच्या वानखेडेकाकांनी बाबांना विचारलं, "भाऊ, हा बडग्या तुमच्याकडचा काय जी?"

बाबांनी पुतळा तोवर फडक्याखालीच पाहिलेला. ते अभिमानानं फुलले. "पोरीनं मंडळासाठी बनवला असन! घ्या, घ्या!"

आई दारातून ओरडली, "अहो, त्याचा चेहरा आपल्या मुलीसारखा दिसून राहिला!"

"तुले काहून सगळीकडं पोरगीच दिसते वं?" म्हणत बाबांनी हातगाडी ढकलली. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

मी धापा टाकत मैदानावर पोचले तेव्हा माझा डावा खांदा पेटला होता.

"थांबा! ती मी आहे!"

काकांनी समजूत घातली, "नाही वं पोरी, तू इतकी खराब थोडीच दिसते!"

बाबांनी एकदा ज्वाळांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अरे बापा! हे तं आपलीच पोरगी आहे!" आणि बादली घेऊन धावले. पाण्याबरोबर डावा कानही गेला. मला रडूच कोसळलं. बाबा माझ्याहून रडवेले. "माफ कर वं बेटा," एवढंच म्हणत पुतळा घरी घेऊन आले.

परीक्षकबाई चारला हजर! तोवर मी कसाबसा नवा कान थापला होता. लोखंड काळं पडलेलं, माती भाजून लालकाळी. जोड कुठे होता ते मलाही सापडेना. बाई दोनदा गोल फिरल्या.

"अप्रतिम! दोन्ही बाजू किती एकजीव झाल्यात! निवडलं. फक्त तो कान तेवढा बदला. कोणा शिकाऊ माणसानं केलेला दिसतो."

मी मान डोलावली. बाकी सगळं आगीनं घडवलेलं; अख्ख्या पुतळ्यात शुद्ध माझ्या हातचं असं तेवढंच उरलं होतं!