वांझ ज्वारीवर काम करणारी माणसं

आमच्या कामात एक अडचण होती. 'नर', 'मादी', 'वांझ' हे शब्द दिवसभर चारचौघांत मोठ्यानं बोलावे लागायचे, तेही पगार घेऊन. संकरित ज्वारीचं बी करायचं तर असं एक झाड लागतं, ज्याच्या फुलात पराग तयारच होत नाही. याला नर वंध्यत्व म्हणतात. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रात माझी सगळी नोकरी त्यातच गेली. असला विषय आणि मराठवाड्यातली माणसं एकत्र आली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुसळासारखे कपड्यांना चिकटून घरी येतात.

नोकरी नवीन होती, तेव्हा मुलगी बघायला नांदेडला गेलो. पोहे झाले. मुलीच्या मामांनी विचारलं, "कशावर संशोधन करून राहिले आपण?"

मी सरळ सांगितलं, "नर वंध्यत्वावर."

माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मुलगी वर न बघता म्हणाली, "कोणत्या पिकातलं?" वनस्पतिशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती ती.

"ज्वारीतलं," मी म्हटलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि लग्न तिथंच ठरलं.

मामांचं मात्र समाधान झालं नव्हतं. मला सोडायला बसस्टँडवर आले, पानटपरीच्या मागं घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "ज्वारीचं राहू द्या. ते औषध माणसाला चालतं का?"

आमचे प्रमुख वाघमारे सर. मूळचे उदगीरकडचे, अंगानं किरकोळ, आवाज बारीक. त्यांना चेष्टा करताही यायची नाही आणि समजायचीही नाही. कोणी काही विचारलं की खरं तेवढंच सांगायचे. एकदा एक पुढारी केंद्र बघायला आले. त्यांनी विचारलं, "हा वाण वांझ आहे, तर दरवर्षी येतो कुठून?"

सर म्हणाले, "हा ए. याचा एक जोडीदार आहे, बी. दिसायला तंतोतंत सारखा, पण पराग असलेला. बीचे पराग ए वर पडले की पुन्हा ए तयार होतो. तसाच वांझ."

"आणि हा तिसरा?"

"तो आर. आर आणि ए यांच्या संकराचं बियाणं आपण शेतकऱ्याला देतो. त्याला दाणे भरतात ते आरमुळे."

पुढाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे ए काही करत नाही. बी त्याला खुर्चीवर टिकवून ठेवतो. आणि कामं होतात आरमुळं." मग आपल्या पीएकडं वळून म्हणाले, "आपल्या पार्टीतही असंच चालून राहिलंय की."

मुरूडच्या एका शेतकऱ्याकडं आम्ही बियाण्याचा प्लॉट घेतला होता. नराच्या म्हणजे आरच्या दोन ओळी, मग मादीच्या म्हणजे ए च्या चार, असा. भेसळ नको म्हणून काढणीच्या वेळी नराच्या ओळी आधी कापून बाहेर नेतात. कापणाऱ्या बायकांची पुढारी होती सुमनबाई, तोंडानं तिखट. मी तिला सांगितलं, "बाई, नराचं काम झालंय. आता कापा आणि बांधाबाहेर टाका."

सुमनबाईनं विळा हातात घेतला. बांधावर तिचा नवरा बाभळीखाली आडवा झाला होता. त्याच्याकडं एक नजर टाकून ती म्हणाली, "साहेब, ही पद्धत लई चांगली हाय. फकस्त ज्वारीलाच कामून ठेवली?"

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. आमच्याकडं जीव वाचले, पण बियाण्याच्या खोलीतल्या मांडण्या पडल्या. पिशव्या फुटून ए आणि बी एकमेकांत मिसळले. दोघांचा दाणा सारखा, झाडही सारखं. फुलल्याशिवाय ओळखायचं कसं? सरांच्या उमेदीची सगळी वर्षं त्या ढिगात होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सगळं पेरू."

पीक फुलोऱ्यात आलं, तसे सर रोज सकाळी काळी छत्री उलटी धरून एकेका कणसाला टिचकी मारू लागले. छत्रीत पिवळी धूळ पडली तर तो बी, नाही पडली तर ए.

शेजारचं गाव अजून उघड्यावर झोपत होतं. इंजिनियर लोकांनी घरं तपासून चांगली आहेत म्हणून सांगितलं होतं, तरी कोणी आत जायला तयार नव्हतं. गावात बातमी पसरली की साहेब कणसावरून भूकंपाचं बघायलेत; छत्रीत पिवळं पडलं की धोका नाही. रोज एक म्हातारे पाटील कुंपणापाशी येऊन विचारायचे, "आज पडलं का?"

सर खरं तेच सांगायचे. एका सकाळी म्हणाले, "काही ठिकाणी पडतंय, काही ठिकाणी नाही." त्या दिवशी निम्मं गाव घरात झोपलं, निम्मं बाहेर.

थंडी वाढली. पोरं खोकायला लागली. सरांच्या कानावर ते गेलं. सकाळी पाटील आले, तेव्हा सरांनी छत्रीत बघितलंसुद्धा नाही. "आज सगळीकडं पडलंय," ते म्हणाले. गाव घरात गेलं.

सर स्वतः मात्र पत्र्याच्या शेडमध्येच झोपत राहिले. मी विचारलं, तर म्हणाले, "ज्वारीला त्यातलं काही कळत नाही, हे मला माहीत आहे ना."

पुढं लातुरात कोचिंगचे दिवस आले. आमच्यातला गिरवलकर नोकरी सोडून एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला लागला. तिथं ए बॅच हुशारांची, बी मधल्यांची आणि आर रिपीटरांची. एक पालक सकाळपासून त्याच्यामागं लागले होते, "पोराला ए मध्येच घ्या." दमलेल्या गिरवलकरच्या तोंडून जुनी सवय बोलून गेली, "अहो, ए नुसता दिसायला असतो. दाणा भरतो तो आरमुळं."

पालकांना वाटलं, गिरवलकर सरांनी आतली गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत रिपीटर बॅचच्या दारात गर्दी झाली. त्यातली निम्मी पोरं अजून एकदाही परीक्षेला बसलेली नव्हती.

आता हे एक ऐका. केंद्रावर शिवारफेरी होती. देवणीकडची एक म्हातारी मुलगा आणि सून घेऊन आली होती. मुलगा उंचापुरा, मिशा पिळलेला. सून खाली मान घालून मागं मागं चालत होती. सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हातारी आता केंद्रावर कामाला असलेल्या सुमनबाईला सांगत होती, "हिची कूस उजवंना. दिवाळीनंतर दुसरी आणायलोत."

वाघमारे सर पुढं होते, त्यांनी यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ए वाणाच्या प्लॉटपाशी म्हातारी थांबली. "साहेब, हे तर लई तरणंताठं दिसायलंय. ह्याला वांझ कामून म्हणता?"

"दिसायला काही कमी नाही," सर म्हणाले. "पण आत पराग नाही."

"मंग मादीचा काय दोष?"

"काहीच नाही. एकाच फुलात दोन्ही बाजू असतात, त्यातली मादीची उत्तम आहे. चांगले पराग मिळाले तर कणीस गच्च भरतं. दोष नराच्या बाजूला."

म्हातारीनं वळून मुलाकडं बघितलं. त्याचा हात मिशीवरून खाली आला. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "आन् नरात ह्यो दोष येतो कुठनं?"

हा सरांचा सगळ्यात आवडता प्रश्न. ते खुलले. "आईकडून. पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक कण असतात. ते फक्त आईच देते. बापाचा त्यात काही संबंध नाही."

सुमनबाईनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. सुनेनं पहिल्यांदाच मान वर केली आणि सासूकडं सरळ बघितलं.

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सुनेला म्हणाली, "चल गं बाई. ऊन लई झालंय. आधी तू जेवून घे."