मंत्र्याच्या पुस्तकातली म्हातारी

माजी मंत्र्यांचं दुसरं पुस्तक मी रत्नागिरीच्या वाचनालयातून आणलं. पहिल्यासारखंच हेही सत्तेतल्या दिवसांवर. माणूस लिहितो चांगलं. फाइल कुठे अडते, बैठकीत गप्प बसून कोण काम साधून घेतो, हे वाचताना मजा येते. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून जेवणं आटपली की पडवीत बसून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे.

एका दुपारी आमच्या खाडीवरच्या पुलाचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं, ‘गाडी थांबली. गर्दीतून एक वृद्धा पुढे आली आणि माझ्या पायाशी वाकली. त्या क्षणी मी ठरवलं, हा पूल होणारच.’

सासूबाई ताठ बसल्या. “परत वाच.”

मी परत वाचलं.

“अगो, ती म्हातारी म्हणजे मीच की! पण मी पाया पडले नाय त्याच्या.”

त्या दिवशी मीही तिथे होते. पुलाचं भूमिपूजन होऊन कित्येक पावसाळे गेले होते, खाडीत नुसते दोन खांब उभे होते. भरती-ओहोटी बघून तरीतून, म्हणजे होडीतून पलीकडे जायचं, आणि वारा सुटला की तेही बंद. माझी नणंद बाळंतपणात अडली तेव्हा होडी सुटेना. मूल गेलं. मंत्री शेजारच्या गावात समारंभाला येणार असं कळलं, तेव्हा सासूबाईंनी वाडीतल्या बायका गोळा केल्या आणि आम्ही रस्त्यात बसलो. गाडी आली, पोलीस ओरडायला लागले. ड्रायव्हर गाडी मागे घेऊन वळवायला लागला, तशा सासूबाई उठल्या, रस्त्याकडेच्या गडग्याचा, दगडी कुंपणाचा एक फुटका चिरा उचलला आणि वाकून मागच्या चाकाखाली सारला. मंत्र्यांना उतरावं लागलं. भर उन्हात उभं राहून त्यांनी शब्द दिला. तो पाळलाही, हे मी नाकारत नाही.

पुस्तकावर बोलायला ते स्वतः रत्नागिरीत येणार होते. सासूबाई म्हणाल्या, “मला ने.” नवऱ्याने समजावलं, “आई, मोठी माणसं असतात तिथे.” त्यावर त्या म्हणाल्या, “मोठी असतील तर खरं ऐकतील.”

आम्ही दुपारच्या एसटीने गेलो. सभागृह भरलेलं. भाषणं संपली, प्रश्न विचारा म्हणाले, तशा त्या माझ्या खांद्याला धरून उठल्या. निवेदक म्हणाला, “आजी, वेळ कमी आहे.” त्या बसल्या नाहीत. शेवटी मंत्र्यांनीच हात केला, “बोलू द्या त्यांना.”

“पुलाची ती म्हातारी मी. मी तुज्या पाया पडले नाय.”

मंत्री हसले. “आजी, मग वाकला कशाला होतात?”

“तुज्या गाडीच्या चाकाखाली चिरा ठेवायला.”

मागच्या रांगांत हशा पिकला, टाळ्याही वाजल्या. मंत्र्यांचं हसू जरा उतरलं. “खूप वर्षं झाली. आठवणींत सरमिसळ होते.”

“माज्या आठवणींत नाय झाली,” सासूबाई म्हणाल्या आणि बसल्या.

जाताना मंत्री मुद्दाम आमच्याकडे आले. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करतो म्हणाले. मला बरं वाटलं.

नवी आवृत्ती आली तेव्हा मी वाचनालयात उभ्यानेच ते प्रकरण उघडलं. दुरुस्ती केली होती. गाडी थांबते, मंत्री उतरतात, गावकऱ्यांशी संवाद साधतात, पूल होतो. म्हातारी नाहीच. पाया पडणारी त्यांना चालत होती. चिरा ठेवणारीला जागा नव्हती.

घरी येऊन मी तणतणत सांगितलं. वाटलं, त्या दुखावतील. त्या वाल सोलत होत्या. म्हणाल्या, “बरं झालं. त्याच्या पुस्तकात मला राहायचं नव्हतंच. तुला लिवता येतं ना? मग तू लिव.”

शाळेत मुलांना निबंध शिकवण्यापलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. तरी बसले. झाल्यावर हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं.

“पोलिसांना बघून माजे पाय लटलट कापत होते, ते लिवलंस काय?”

मी म्हटलं, “नाही.”

“मग ते पण घाल.”

घातलं.