डाळिंबी रंगाची गाडी

गुरुशांत मास्तरांना घरी बसणं ठाऊकच नव्हतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी सूत रंगवलं. सुट्टीच्या दिवशीही हा माणूस कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साडीपुढं उभा राहून तिच्या रंगात काय चुकलंय ते सांगायचा. गल्लीतल्या बायका त्यांना बघून दारं लावून घ्यायच्या. आता मात्र आठ दिवस त्यांना सक्तीनं घरी बसवलं होतं, आणि त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

झालं होतं असं. डाळिंबी टॉवेलांचा माल रंग जुळत नाही म्हणून गिऱ्हाइकानं परत पाठवला. मालकाचा मुलगा कुमारशेठ, गोड बोलणारा. म्हणाला, "मास्तर, वय झालं की व्हायचंच हे. आठ दिवस आराम करा, डोळे तपासून घ्या. सोमवारी डॉक्टरांचा कागद आणा, मग बघू." रंग जुळवणारं मशीन आधीच कारखान्यात येऊन पडलं होतं. 'मग बघू' म्हणजे काय, हे मास्तरांना सांगायला कुणी नको होतं.

डॉक्टरकडं ते गेले नाहीत. सरळ सांगायचं तर घाबरले. रंगाऱ्याचा डोळा गेला तर त्याच्याकडं उरतं काय? शनिवारपर्यंत चार वेळा चपला घातल्या आणि चारही वेळा कोपऱ्यावर चहा पिऊन परत आले. त्यांची बायको सावित्रम्मा काही विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणंही त्यांना टोचत होतं.

रविवारी सकाळी माळ्यावर उगाच उचकापाचक करताना लेकीची खेळण्यातली गाडी हाताला लागली. ओतीव धातूची, चांगली जड. संस्कृती आता पुण्याला नोकरी करते, पण लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत बाहुली नको, हीच पाहिजे म्हणून तिनं धुळीत लोळण घेतली होती. वरच्या रंगाचे टवके उडाले होते. पोटाखाली, चाकांच्या मधे, मूळ रंग मात्र जसाच्या तसा होता. डाळिंबी! मास्तरांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पोटाखालच्या रंगाशी वरचा रंग जुळवायचा. जुळला तर डोळे शाबूत, सोमवारी ताठ मानेनं कामावर. नाही जुळला तर काय, हा विचार त्यांनी पुढं नेलाच नाही.

पॉलिश पेपर, ऑइल पेंटच्या दोन डब्या, एक ब्रश. मास्तर गच्चीवर जाऊन बसले. गाडी घासून लख्ख केली. जुन्या बशीत लाल ओतला आणि उदबत्तीच्या काडीनं थेंबभर काळा घातला. ढवळलं, बघितलं, पुन्हा थेंब. रंग जुळला. हात थांबायला हवा होता, पण त्या हातानं सवयीनं आणखी अर्धा थेंब घातला. रंग देऊन झाला. धूळ बसू नये म्हणून गाडीवर घरातली पिठाची चाळण पालथी घातली आणि ती उन्हात ठेवली. मग दर दहा मिनिटांनी जिना चढायचा, चाळण उचलायची, पुन्हा उतरायचं. एकदा तर बोट लावून ठसा उमटवला आणि स्वतःलाच शिव्या दिल्या.

तीनच्या सुमाराला रंग वाळला. मास्तरांनी गाडी उलटी केली. वरचा रंग काळपट, जांभळाच्या सालीसारखा. पोटाखालचा रंग निराळाच. ते जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

तेवढ्यात सावित्रम्मा चाळण शोधत वर आली. "अय्यो, ह्याच्यावर घातली व्हय? रंगाचा वास लागला की तिला! आता पीठ कशात चाळू?" मग तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं. "काय झालं वो?"

"डोळं गेलं माझं, सावित्री." आणि मग आठ दिवस गिळून ठेवलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं.

तिनं गाडी हातात घेतली, उलटीपालटी केली. "गडद झालाय म्हणता?"

"लई. एक पायरी तरी. दिसत न्हाय का तुला?"

"मला दिसतंय. तुमालाबी दिसतंय की! मग डोळं कुटं गेलं?"

मास्तरांनी गाडी तिच्या हातातून घेतली आणि पुन्हा उलटी करून बघितली.

"कालवताना काय केलं तुमी?"

"जुळला हुता गं. मग एक पायरी चढवला. ओलं कापड वाळलं की रंग उतरतोय, फिका पडतोय, एवढं तरी—"

"ह्ये कापड हाय व्हय? पुढच्या दाराला पेंट दिला, तो वाळून उतरला हुता का कवा?"

मास्तर तिच्याकडं बघत राहिले, आणि मग हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सावित्रम्माही हसली. वीस वर्षं तिनं घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवल्या होत्या, तिला काही उगाच कळत नव्हतं. पदरानं चाळण पुसता पुसता ती सहज म्हणाली, "मग त्या परत आलेल्या टॉवेलाचा रंग खरंच चुकला हुता का वो?"

मास्तरांचं हसणं थांबलं.

"कुमारशेठ म्हणला चुकलाय," ते म्हणाले. "मी सगळ्या कामगारांपुढं हात जोडलं. चूक झाली म्हणलो. टॉवेल समोरच पडला हुता, सावित्री. घडी उलगडून मी बघितलासुदिक न्हाय."